१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या हाताने कशी उलगडायची?

प्रश्न नागपूरच्या मानेवाडा भागातल्या अकरावीच्या एका विद्यार्थ्याचा आहे, थोडक्यात असा:

"मॅडम, १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या एक्सेलमध्ये टाकली की शेवटी ३०० होते. मित्राने ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने करून पाहिलं, तिथे शेवटी ३२० येऊन राहिलं. त्यावरून तो म्हणतो संख्या सम आहे आणि तिला ५ ने भाग जातो. असं काहून होते? आणि एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव, विभाजक वगैरे कॉम्प्युटरशिवाय काढता येतात का? या संख्येत खरंच काही आहे, की नुसती दिसायला छान आहे?"

आधी तुझ्या मित्राचं निपटवू. संख्येचा शेवटचा अंक १ आहे. ती विषम आहे आणि ५ ने भाग जायचा प्रश्नच येत नाही. हे चौथीतलं पोरगं सांगेल. ब्राउझरला सांगता आलं नाही, कारण तू दिलेली संख्या त्याने ठेवलीच नाही, तिच्या शेजारची ठेवली. जावास्क्रिप्टची साधी संख्या ५३ द्विमान अंकांपर्यंतच (म्हणजे ० आणि १ या दोनच अंकांत लिहिलेल्या ५३ घरांपर्यंत) अचूक असते. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. इथपर्यंत प्रत्येक पूर्णांक नीट बसतो. त्याच्यापुढे, २ च्या ५४ व्या घातापर्यंत, फक्त सम संख्यांनाच जागा असते. आपली संख्या नेमकी या दोन घातांच्या मधली आणि विषम आहे. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक अंतरावर ...३२० आणि ...३२२ या सम संख्या येतात. बरोबरी झाली की नियम असा की ज्या संख्येला ४ ने भाग जातो ती घ्यायची. म्हणून ३२०. एक्सेलचं गणित आणखी सरळ आहे: पहिले १५ अंक ठेवायचे, पुढच्या अंकांच्या जागी शून्य. म्हणून ३००. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मिळणारा बारा अंकी कॅल्क्युलेटर ही संख्या आत घेतच नाही. मला तो या दोघांपेक्षा प्रामाणिक वाटतो.

मशीन बाजूला ठेव. कागद घे आणि संख्या मोठ्याने वाच:

१ कोटी २३ लाख ४५ हजार ६७८ अब्ज, ९८ कोटी ७६ लाख ५४ हजार ३२१.

(भास्कराचार्यांची स्थाननावं वापरायची तर १० चा १६ वा घात म्हणजे 'मध्य' आणि १७ वा म्हणजे 'परार्ध'. आपली संख्या एक मध्य आणि वर काही, परार्धाच्या आतली.)

वाचताना जीभ अडखळते, पण या वाचण्यातच अर्धं काम होतं. अब्जाच्या जागी संख्येचे दोन तुकडे पडतात, १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. त्यांची बेरीज कर. ९९९९९९९९९ येते, नऊ वेळा नऊ.

१ अब्ज म्हणजे ९९९९९९९९९ + १. म्हणून

१२३४५६७८ अब्ज + ९८७६५४३२१
= १२३४५६७८ × ९९९९९९९९९ + १२३४५६७८ + ९८७६५४३२१
= १२३४५६७८ × ९९९९९९९९९ + ९९९९९९९९९
= १२३४५६७९ × ९९९९९९९९९

सतरा अंकी संख्या दोन अवयवांत फुटली, आणि आपण एकही लांब भागाकार मांडला नाही. पुढे १२३४५६७९ ला ९ ने गुणून बघ. १११११११११ येतात. (८ गाळलेली ही संख्या शाळेत गंमत म्हणून सांगतात, कारण कोणी सांगत नाहीत.) त्याला पुन्हा ९ ने गुण, ९९९९९९९९९. याचा अर्थ ९९९९९९९९९ = ८१ × १२३४५६७९. वरच्या ओळीत घातलं की

१२३४५६७८९८७६५४३२१ = ८१ × १२३४५६७९ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग.

संख्या पूर्ण वर्ग आहे. इथून पुढे सतरा अंकांशी झगडायची गरज उरत नाही, नऊ एकांच्या संख्येचे अवयव पाडले की झालं.

नऊ एक तीन-तीनच्या गटात बघ: १११,१११,१११. म्हणजे १११ × १००१००१. १११ = ३ × ३७ हे पाठ असायला हवं. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भाग जातो आणि ३३३६६७ उरतात. एकूण

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

आता ३३३६६७ मूळ संख्या आहे का? इथे बहुतेक मुलं थकतात आणि मोबाइल काढतात. साध्या पद्धतीने जायचं तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. त्या १०६ आहेत. पण इतकी मेहनत लागत नाही, आणि ती का लागत नाही हे समजलं तर अशा संख्यांची पुढची सगळी उदाहरणं सोपी होतात.

समज, 'म' ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. ३३३६६७ हा १००१००१ चा अवयव, आणि ९९९ × १००१००१ = ९९९९९९९९९. म्हणजे 'म' नऊ नवांनाही भागते. दुसऱ्या शब्दांत, १० च्या ९ व्या घाताला 'म' ने भागलं की बाकी १ उरते. आता विचार की बाकी १ देणारा १० चा सगळ्यात लहान घात कोणता? तो ९ चा विभाजक असणार, म्हणजे १, ३ किंवा ९. तो १ किंवा ३ असता तर १००० ला 'म' ने भागून बाकी १ उरली असती. मग १००१००१ ला, म्हणजे दहा लाख अधिक हजार अधिक एक यांना भागून बाकी १ + १ + १ = ३ आली असती. पण भाग तर पूर्ण जायला हवा, म्हणून 'म' ला ३ असण्यावाचून पर्याय नाही. आणि ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ आहे, ३ ने भाग जात नाही. तेव्हा लहानात लहान घात ९ च.

फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की हा घात 'म' वजा १ ला भागतो. म्हणून 'म' मधून १ वजा केला की ९ ने भाग जातो. 'म' विषम असल्याने १८ ने जातो. म्हणजे १८ च्या पाढ्यातल्या संख्येत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या. ५७७ पर्यंत त्या इतक्याच:

१९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७.

१०६ वरून सतरावर आलो. हे सतरा भागाकार वहीत कर, टाळू नकोस. ३७ ला बाकी १ उरते (३७ × ९०१८ = ३३३६६६), थोडक्यात हुकतो. १६३ ला ६ उरतात. ५२३ × ६३८ = ३३३६७४, म्हणजे ७ ने पुढे जातो. १९ ला ८. बाकीच्यांनाही कोणाला शून्य येत नाही. ३३३६६७ मूळ संख्या आहे, आणि सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव पूर्ण झाले: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग.

मूळ अवयव हातात आले की तू विचारलेले 'विभाजक वगैरे' ही नुसती आकडेमोड राहते, त्यावर फार वेळ घालवत नाही. विभाजकांची संख्या घातांत एकेक मिळवून गुणाकार, ५ × ३ × ३ = ४५. ही विषम आहे, कारण पूर्ण वर्गाच्या विभाजकांच्या जोड्या लावताना मधला एकटा उरतो, इथे १११११११११. सगळ्या विभाजकांची बेरीज १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ = १८९५४२७९५९२८२७५७९. संख्या स्वतः वगळून उरलेल्यांची बेरीज ६६०८६००६०५१७३२५८, संख्येच्या साधारण निम्मी. तेव्हा परिपूर्ण संख्या वगैरे ती नाही. तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) अशा संख्या ८००७९८३९९१९९२०१६. हे आकडे अनेक वेबपेजवर अशाच ओळीने छापलेले सापडतात. खरे असतात, पण वाचून हाती काही लागत नाही.

एक मात्र पाहण्यासारखं आहे. बेरीज काढताना ३३३६६७ चा वर्ग लागतो. तो येतो १११३३३६६६८८९. तीन एक, तीन तीन, तीन सहा, मग ८८९. हा योगायोग नाही. ३३३६६७ ची तिप्पट १००१००१, तिचा वर्ग १००२००३००२००१, आणि त्याला ९ ने भागलं की हेच मिळतं.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, तोच मला जास्त आवडला. संख्येत खरंच काही आहे की नुसती दिसायला छान?

एक ते नऊ आणि परत एक, हे दिसणं कुठून येतं ते गुणाकार मांडून बघ. १११११११११ ला १११११११११ ने गुणताना एकाखाली एक नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. पहिल्या स्तंभात एक १, दुसऱ्यात दोन, मधल्या स्तंभात नऊ, मग उतरत परत एक. कुठल्याही स्तंभाची बेरीज ९ च्या वर जात नाही, म्हणून हातचा कुठेच येत नाही, आणि मोजलेले एकच सरळ उत्तरात उतरतात. सगळा चमत्कार हातचा न येण्याचा आहे.

या संख्यांचं नाव मराठी माणसाने ठेवलं आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते. ६१७४ या संख्येमुळे ते जगभर ओळखले जातात. १, १२१, १२३२१, १२३४३२१ या माळेला त्यांनी 'डेम्लो संख्या' म्हटलं. तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या ज्या स्टेशनात ही कल्पना सुचली त्याचं हे नाव, आजचं डोंबिवली. आपली संख्या ही माळेतली नववी, आणि देखणेपणा न मोडणारी शेवटची. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' हे नावही कापरेकरांचंच. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भाग जातोच हे वर दिसलं. म्हणजे ती हर्षदही आहे.

इथे थांबून एक गैरसमज काढून टाक. 'अंकांची बेरीज ८१, म्हणून ८१ ने भाग जातो' असा युक्तिवाद मुलं बिनधास्त लिहितात आणि गुण घालवतात. बेरजेची कसोटी ३ आणि ९ साठी आहे, २७ किंवा ८१ साठी नाही. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण २७ × ७० = १८९०, बाकी ९ उरते. आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो तो वरच्या मांडणीमुळे, बेरजेमुळे नाही. आणि ३ हा अवयव चारदाच येतो याची खात्री १२३४५६७९ च्या अंकांच्या बेरजेवरून होते: ३७, जिला ३ ने भाग जात नाही. (अंकांची बेरीज शेवटी ९ आली की संख्या शुभ, या हिशेबाने नागपुरात गाडीच्या एमएच ३१ च्या नंबरपाटीसाठी जादा पैसे मोजणारे आहेत. गणिताच्या बाजूने त्याचा अर्थ इतकाच की त्या आकड्याला ९ ने भाग जातो. दर नऊ आकड्यांत एकाला जातोच.)

तर देखणेपणा हा अंकांचा, म्हणजे आपण दहाच्या पायावर लिहितो त्याचा गुण आहे. आठच्या पायावर, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक वापरून, लिहिणाऱ्याने सात एकांचा वर्ग केला तर त्यालाही १२३४५६७६५४३२१ दिसेल, अगदी तसंच देखणं. पण त्याचे सात एक म्हणजे आपले २९९५९३, ज्याचे अवयव ७, १२७ आणि ३३७. बाहेरून भावंडं, आत एकही अवयव सारखा नाही. उलट आपलीच संख्या द्विमान पद्धतीत लिहिली की ५४ अंकी होते आणि उलटी वाचली तर तीच राहत नाही. मूळ अवयव मात्र कुठल्याही पायावर लिहा, बदलत नाहीत. विभाजक ४५ च राहतात, वर्ग तो वर्गच राहतो. कुठलाही 'विशेष गुणधर्म' ऐकलास की पहिला प्रश्न हा विचार: पाया बदलला तर हा टिकेल का? टिकत नसेल तर तो गंमत म्हणून ठेव. गंमत वाईट नसते, कापरेकरांनी आयुष्य तिच्यात घालवलं आणि कामाच्या गोष्टी काढल्या.

या संख्येत मला सगळ्यात आवडणारी गोष्ट या दोन्हींच्या सीमेवर आहे, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळते. मघाशी 'बाकी १ देणारा १० चा लहानात लहान घात' काढला. तोच १ भागिले 'म' या आवर्ती दशांशाच्या आवर्तनाची लांबी असतो. १/३ = ०.३३३..., लांबी एक. १/३७ = ०.०२७०२७..., लांबी तीन. १/३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७..., लांबी नऊ. (३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९, पडताळून बघ.)

आता उलट विचार: लांबी नऊ असणाऱ्या मूळ संख्या किती? अशी प्रत्येक संख्या नऊ नवांना भागायलाच हवी. नऊ नवांचे मूळ अवयव तीनच, ३, ३७ आणि ३३३६६७, आणि पहिल्या दोघांच्या लांब्या वेगळ्या. म्हणजे सगळ्या अनंत मूळ संख्यांत आवर्तनाची लांबी नऊ असणारी एकटी ३३३६६७. तसंच ९९९ = २७ × ३७, म्हणून लांबी तीनची एकटी ३७. लांबी एकची एकटी ३. हे नेहमी असं नसतं. लांबी पाचच्या दोन आहेत, ४१ आणि २७१. लांबी सहाच्याही दोन, ७ आणि १३. पण तुझ्या संख्येचे तिन्ही मूळ अवयव आपापल्या लांबीचे एकुलते एक आहेत. हा गुण दहाच्या पायाशी बांधलेला आहे हे खरं, पण नुसत्या दिसण्याचा नाही. त्याला सिद्धता आहे.

याचा एक खेळ होतो. कुठलाही तीन अंकी आकडा सलग तीनदा लिही. नागपूर शहराचे पिनकोड ४४० ने सुरू होतात, तेव्हा ४४०४४०४४० घे. हा ४४० × १००१००१, म्हणून ३३३६६७ ने भाग जाणारच, आणि भागाकार ४४० च्या तिप्पट, १३२०. समोरच्याला आकडा निवडू दे, उत्तर तू तोंडी सांग.

आता पायावर अजिबात अवलंबून नसलेला एक गुण. नऊ एकांची संख्या कर्ण असलेला, पूर्णांकी बाजूंचा काटकोन त्रिकोण आहे का? म्हणजे आपली संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते का? जुना नियम असा की ४ ने भागून बाकी १ उरणारे मूळ अवयवच यात कामाला येतात. ३ ची बाकी ३. ३३३६६७ चे शेवटचे दोन अंक ६७, त्यांचीही बाकी ३. उरला ३७, त्याची बाकी १. ३७ = १ चा वर्ग + ६ चा वर्ग, आणि त्यातून ३७ कर्णाचा त्रिकोण मिळतो: १२, ३५, ३७. नऊ एकांना ३७ ने भागलं की ३००३००३. बाजू तितक्या पट कर:

१२ × ३००३००३ = ३६०३६०३६
३५ × ३००३००३ = १०५१०५१०५

म्हणजे ३६०३६०३६ चा वर्ग अधिक १०५१०५१०५ चा वर्ग बरोबर १२३४५६७८९८७६५४३२१. आणि उपयोगी मूळ अवयव एकच असल्यामुळे असा त्रिकोणही एकच आहे, दुसरा सापडणार नाही. पडताळा मोठ्या गुणाकाराशिवाय होतो: दोन्ही बाजूंतून १००१००१ बाहेर काढ, आत ३६ आणि १०५ राहतात. १२९६ + ११०२५ = १२३२१, म्हणजे १११ चा वर्ग. हा त्रिकोण मी वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा मुलांना वाटतं मॅडमनी मुद्दाम सुंदर आकडे शोधले. शोधायला काहीच नसतं, दुसरे आकडेच नाहीत.

कॉम्प्युटर वापरायचाच असेल, आणि वापरावा, तर पायथॉन घे. त्यात पूर्णांक कितीही मोठा अचूक राहतो. फक्त दोन ठिकाणी जप. एकच तिरपी रेघ घालून भागाकार केलास की उत्तर दशांशात जातं आणि मघाचा ५३ अंकांचा घोळ परत सुरू होतो. पूर्णांकी भागाकाराला दोन तिरप्या रेघा लागतात. आणि वर्गमूळाची साधी आज्ञा या आकाराला विश्वासाची नाही: ...३२१ ला ती १११११११११ सांगते, ते बरोबर, पण ...३२० ला सुद्धा तेच सांगते. एका शून्यावर संपणारी संख्या पूर्ण वर्ग असूच शकत नाही. वर्गमूळाचा पूर्णांक भाग काढणारी वेगळी आज्ञा पायथॉनच्या ३.८ आवृत्तीपासून आहे, ती वापर आणि आलेल्या उत्तराचा वर्ग करून ताळा घे. एक्सेलमध्येच ठेवायची असेल तर रकाना आधी 'टेक्स्ट' कर, मग संख्या टाईप कर. उलटं केलंस तर शेवटचे अंक तोपर्यंत गेलेले असतात.

पुढचा अभ्यास म्हणून दहा एक घे. ११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. देखणेपणा मोडला, कारण मधल्या स्तंभात दहा एक जमले आणि हातचा आला. तो शेजारच्या नऊत मिळून पुन्हा दहा झाले, दुसरा हातचा आला. तिसऱ्या स्तंभात आठाचे नऊ होऊन प्रकरण थांबलं. अंकांची बेरीज १० × १० = १०० व्हायला हवी होती, ती ८२ झाली. कमी पडलेले १८ कुठे गेले ते हातचे मोजून सांग. आणि दहा एकांचे अवयव ११, ४१, २७१ आणि ९०९१ आहेत. यांतल्या कोणाची ४ ने भागून बाकी १ उरते ते बघ आणि ११११११११११ कर्णाचा त्रिकोण काढ. लहान बाजूत १/४१ चे दशांश अंक दिसायला लागले की तुझं उत्तर बरोबर आहे असं समज.